भिंतीला कान आहेत, पण ऐकायला बसलंय कोण?

वाचकांचे प्रश्न : डिस्टोपियन (भयाण भविष्याच्या) कादंबऱ्यांतली पाळत आणि प्रचार

जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' कादंबरीतला टेलिस्क्रीन, म्हणजे बघणारा-ऐकणारा पडदा, चोवीस तास प्रत्येकाकडे बघत असतो, असं आम्हाला वर्गात शिकवलं. इतक्या लोकांकडे बघायला माणसं कुठून आणणार? लेखकाने याचा विचारच केला नव्हता का?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, सातारा

केला होता. चूक वर्गातल्या नोट्सची आहे. थॉट पोलिस, म्हणजे विचारांवर पहारा ठेवणारे पोलिस, कोणत्या वेळी कोणाच्या तारेवर येऊन बसतात, हे कादंबरीच्या नायकाला, विन्स्टनला, कधीच कळत नाही. तो फक्त अंदाज करतो. पडद्याचा आवाज कमी करता येतो, पण पडदा पुरता बंद करता येत नाही. ती सवलत फक्त इनर पार्टीतल्यांना, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या वरच्या वर्तुळाला, आणि तीही थोडा वेळ. यंत्र चालू आहे हे नक्की. यंत्रामागे माणूस आहे का, हे मात्र कोणालाच माहीत नाही.

तुमचा प्रश्न हिशेबाचा आहे, तर हिशेब मांडूनच बघू. कादंबरीतल्या ओशनिया या राज्याची लोकसंख्या ३० कोटी. इनर पार्टी ६० लाखांवर बांधलेली. प्रोल, म्हणजे कष्टकरी वर्ग, ८५ टक्के. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीनच नाही. हे सगळे आकडे पुस्तकातले. उरली आउटर पार्टी, म्हणजे पक्षाचे साधे सभासद, साधारण १३ टक्के : ३ कोटी ९० लाख माणसं. एका पहारेकऱ्याला २० माणसं वाटून दिली (हा आकडा आमचा, आणि तसा उदारच आहे), तर एका पाळीला साडेएकोणीस लाख पहारेकरी लागतात. तीन पाळ्यांचे साडेअठ्ठावन्न लाख. अख्खी इनर पार्टी पडद्यांसमोर बसवली, तर राज्य चालवायला दीड लाख माणसं उरतील!

म्हणून सगळ्यांवर सगळा वेळ पाळत अशक्य आहे, आणि कादंबरी ते गृहीत धरूनच रचली आहे. सकाळच्या कवायतीत विन्स्टन वाकायचा कंटाळा करतो तेव्हा पडद्यातली बाई त्याच्या नावानिशी आणि '६०७९' या क्रमांकानिशी खेकसते. पुस्तकाच्या सुरुवातीला 'कोणीतरी खरंच बघतंय' याचा एवढाच पुरावा मिळतो, आणि तो पुरतो. आठवड्यातून एकदा एकाला हटकलं की बाकीचे आपापल्या कमरा नीट वाकवतात.

जिथे पाळत खरोखर अखंड आहे, तिथे ती नुसत्या पडद्याने केलेली नाही. विन्स्टनच्या खोलीत टेलिस्क्रीन नेहमीच्या भिंतीवर न बसवता खिडकीसमोरच्या लांब भिंतीवर बसवलेला आहे. त्यामुळे एका बाजूच्या कोनाड्यात बसलं की तो दिसत नाही. ऐकू मात्र येतो, म्हणून त्याचं बंड मुकं असतं : तो लिहितो. वहीच्या कोपऱ्यावर तो धुळीचा एक पांढरट कण ठेवतो, कोणी वही हलवली तर कळावं म्हणून. सात वर्षं त्याच्यावर नजर ठेवून असलेले लोक वही उघडतात, वाचतात आणि तो कण होता तिथे परत ठेवतात. पुढे जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिंग्टनच्या दुकानावरची खोली त्याला पडदा नसलेली वाटते. तिथला पडदा भिंतीवरच्या चित्रामागे असतो. थोडक्यात, एका माणसावर सात वर्षं खर्च करता येतात. जवळजवळ चार कोटींवर येत नाहीत, त्यांना नुसती शंका पुरते.

खऱ्या इतिहासातही हाच हिशेब दिसतो. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलिस यंत्रणेकडे १९८९ साली सुमारे ९१,००० पगारी माणसं होती, शिवाय १,७०,००० हून अधिक खबरे. लोकसंख्या सुमारे १ कोटी ६४ लाख. म्हणजे साठ-बासष्ट माणसांमागे एक जण यंत्रणेचा. मागे उरलेल्या फायली एका रांगेत लावल्या तर १११ किलोमीटर भरतात. एवढं करूनही १९८९ च्या शरद ऋतूत रस्त्यावर उतरलेली गर्दी त्यांना आवरता आली नाही.

विन्स्टन ऑफिसात नेमकं काय काम करतो? आमच्या वाचक गटात यावर वाद झाला. काही जणांच्या मते तो पत्रकार आहे.
— वाचक गट, नाशिक

पत्रकार नव्हे, तो सत्य मंत्रालयातला दुरुस्ती-कारकून आहे. कामाची पद्धत अशी : नळीतून हवेच्या दाबाने एक चिठ्ठी येते. चिठ्ठीवर 'टाइम्स'ची तारीख आणि तुटक भाषेतली सूचना. तो टेलिस्क्रीनवर क्रमांक फिरवून त्या तारखेचा अंक मागवतो. अंक दुसऱ्या नळीतून येतो. बदललेला मजकूर तो स्पीकराइट या यंत्रात बोलून लिहितो, अंकाला जोडतो, परत नळीत सोडतो. मग मूळ चिठ्ठी आणि स्वतःचं टिपण भिंतीतल्या भोकात टाकतो. तेच मेमरी होल, खाली भट्टी. पुढचं काम त्याला दिसत नाही : त्या तारखेचा अंक नव्याने छापला जातो, जुन्या प्रती नष्ट होतात, फायलीत नवी प्रत बसते.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे चिठ्ठीवर 'खोटं लिहा' असं कधीच नसतं. 'चुकीचं उद्धृत झालं', 'छपाईची चूक', 'दुरुस्त करावे' हीच भाषा. खोटेपणाची लेखी आज्ञा कुठेच सापडत नाही.

बुटांचं उदाहरण तर अभ्यासक्रमात लावावं असं आहे. एका तिमाहीसाठी १४ कोटी ५० लाख जोड्यांचा अंदाज जाहीर झालेला असतो. प्रत्यक्ष उत्पादन सांगितलं जातं ६ कोटी २० लाख. विन्स्टन जुना अंदाज खाली ओढून ५ कोटी ७० लाखांवर आणतो, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्त काम झाल्याची बातमी लावता यावी. कदाचित एकही जोडा तयार झालेला नसेल, आणि निम्मी जनता अनवाणी आहे. तीनपैकी एकही आकडा खऱ्याच्या जवळ नाही.

चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येतं तेव्हाही हेच. आधी 'कपात होणार नाही' हे जुनं वचन बदलून 'एप्रिलमध्ये कपात करावी लागेल' असा इशारा तिथे बसवायचा. नंतर २० ग्रॅमपर्यंत 'वाढवल्याबद्दल' आभाराचे मोर्चे. लोकांनी हे पटवून घ्यावं अशी पक्षाची अपेक्षाच नाही. कालचा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवता येऊ नये, एवढंच त्याला हवं असतं. रेशनचं जुनं कार्ड ज्याने ट्रंकेत जपून ठेवलंय, असा माणूस पक्षाला नको असतो. विन्स्टनचा शेजारी पार्सन्स याच्यासारखा माणूस चालतो; तो चोवीस तासांत सगळं गिळतो.

यंत्रणा कुठे फसते, तेही पुस्तकात आहे. अकरा वर्षांपूर्वी इतर कागदांत गुंडाळला जाऊन वर्तमानपत्राचा एक तुकडा चुकून विन्स्टनच्या टेबलावर येतो. त्यावरच्या छायाचित्रात पक्षाचे तीन जुने पुढारी न्यूयॉर्कमध्ये दिसतात. खटल्यातल्या त्यांच्या कबुलीजबाबाप्रमाणे ते त्या दिवशी शत्रूच्या मुलखात असायला हवे होते. कारकुनी चूक. तो काय करतो? जाळतो. भीतीने.

याचा खरा नमुना ऑर्वेलच्या मृत्यूनंतर घडला. १९५३ साली स्टालिनचा गुप्त पोलिसप्रमुख बेरिया याला अटक झाली आणि डिसेंबरात मृत्युदंड दिला गेला. त्यानंतर सोव्हिएत महाविश्वकोशाच्या वर्गणीदारांना टपालाने काही पानं आली. सोबत सूचना : पाचव्या खंडातली बेरियाची पानं कात्रीने किंवा ब्लेडने कापून काढावीत आणि ही पानं चिकटवावीत. नव्या पानांवर बेरिंग समुद्राचा भरपूर मजकूर होता. कादंबरीत भट्टी सरकारची असते. इथे कात्री वर्गणीदाराच्या हातात होती. ज्यांनी कापलं नाही त्यांच्याकडे बेरियाही राहिला आणि समुद्रही.

ऑर्वेलचा जन्म बिहारचा, हे माहीत आहे. त्याचा मराठीशी काही संबंध होता का?
— निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

तुमच्याच जिल्ह्यातून धागा जातो. ऑर्वेल ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये, भारतासाठीच्या विभागात होता. त्याच विभागात त्याच्याबरोबर वेणू चितळे काम करत होत्या. जन्म १९१२, मूळ कोल्हापूरकडचा. पुढे त्यांनी इंग्रजीत 'इन ट्रान्झिट' ही कादंबरी लिहिली. ती १९५० साली आली. 'व्हॉइस' या रेडिओ-मासिकाच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळचं १९४२ चं छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात कवी एलियट आणि एम्पसन, कादंबरीकार मुल्कराज आनंद आणि ऑर्वेल यांच्याबरोबर त्याही आहेत.

ऑर्वेल युद्धाचा साप्ताहिक आढावा इंग्रजीत लिहायचा. त्यातून अनुवाद होऊन मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ या भाषांत वार्तापत्रं जायची. म्हणजे १९४२ साली रेडिओवर मराठीत युद्धवार्ता ऐकणाऱ्या माणसाने नकळत ऑर्वेल ऐकलेला असू शकतो. त्याच ऑगस्टात काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले होते. त्या बातमीसाठी श्रोता लंडनवर किती विसंबला असेल, ते तुम्हीच ठरवा.

कामाची रीत सांगतो, कारण कादंबरीतलं कार्यालय इथूनच उचललेलं आहे. प्रत्येक संहिता आधी तपासली जायची. एक शिक्का धोरणाचा, दुसरा सुरक्षिततेचा. वाचन चालू असताना एक माणूस संहिता समोर ठेवून बसायचा. वाचणारा लिहिलेलं सोडून बोलला, तर बटण दाबून प्रक्षेपण तोडायचं. त्याला स्विच सेन्सॉर म्हणत. ऑर्वेलची पत्नी आयलीन युद्धाच्या सुरुवातीला सेन्सॉर खात्यात होती. माहिती मंत्रालय लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये होतं. ती इमारत ६४ मीटर उंच आहे. कादंबरीत तिचं सत्य मंत्रालय झालं आणि उंची ३०० मीटर.

राजीनामा देताना त्याने लिहिलं, त्याचा आशय असा : आपण स्वतःचा वेळ आणि जनतेचा पैसा वाया घालवतो आहोत, या कामाचा काही परिणाम होत नाही. ऐकणारे फारच थोडे होते. प्रचार करणाऱ्या कचेरीचं खरं दुखणं त्याला आतून दिसलं : पहारा कडक, शिक्के दोन, आणि समोर कोणीच नाही.

जाता जाता. त्याच्यावरही पाळत होतीच. २००७ साली खुल्या झालेल्या त्याच्या फायलीत पोलिसांच्या स्पेशल ब्रँचचा एक शेरा आहे. त्यात त्याची मतं साम्यवादी ठरवली आहेत, भारतीय मित्रांचा हवाला आहे, आणि तो ऑफिसात व एरवीही कलंदरासारखे कपडे घालतो अशी नोंद आहे. ब्रिटिश गुप्तचर संस्था एमआय-५ च्या अधिकाऱ्यांना हा निष्कर्ष पटला नव्हता. ज्याने साम्यवादी हुकूमशाहीवर शतकातलं सगळ्यात बोचरं पुस्तक लिहिलं, त्याच्याबद्दल पोलिसाने हे लिहावं! पाळतीचा दर्जा किती, याचा याहून चांगला दाखला कल्पूनही सापडणार नाही.

पाळत जास्त घातक की प्रचार?
— पोस्टकार्डावरून, परभणी

दोन्ही वेगळी ठेवली तर दोन्ही अर्धवट राहतात. पाळतीला माणसं पुरत नाहीत, ती तूट प्रचार भरून काढतो. प्रचारावर सगळे विश्वास ठेवत नाहीत, ती तूट पाळतीची भीती भरते. दोन्हींचा सांधा बघायचा असेल तर रे ब्रॅडबरीच्या 'फॅरेनहाइट ४५१' (१९५३) मधला पाठलाग वाचा.

माँटाग, पुस्तकं जाळणाऱ्या दलातून फुटलेला नायक, पळतो. त्याच्यामागे यांत्रिक कुत्रा. हजारो माणसांचे वास लक्षात ठेवणारा. पहिला कुत्रा माँटागनेच जाळलेला, म्हणून दुसऱ्या भागातून नवा आणलेला. हेलिकॉप्टरवरून सगळा पाठलाग घराघरांतल्या भिंतीएवढ्या पडद्यांवर थेट दाखवला जातो. मग सूचना होते : दहा आकडे मोजले की सगळ्यांनी एकाच वेळी दार उघडून बाहेर बघा. एका क्षणात प्रेक्षकांचे पहारेकरी होतात. यंत्रणेला एकही जादा माणूस नेमावा लागत नाही.

कुत्र्याला चकवण्याची कृती लेखकाने पाककृतीसारखी दिली आहे. पळून गेलेल्याने ज्या घरात आसरा घेतला तिथला पलंगपोस जाळायचा, हात लागलेलं फर्निचर अल्कोहोलने पुसायचं, कसरीचं औषध फवारायचं, एअर कंडिशनर पूर्ण सोडायचा, अंगणातले फवारे चालू करायचे. पळणाऱ्याने दुसऱ्या माणसाचे मळके कपडे बरोबर न्यायचे, नदीकाठी अंगावर चढवायचे आणि पाण्यात उतरायचं.

नदीपाशी वास संपतो आणि कुत्रा हरतो. इथे साधा लेखक प्रकरण संपवेल. ब्रॅडबरी पुढे जातो. कार्यक्रम लांबला तर प्रेक्षक कंटाळतील, म्हणून पहाटे एकटा फिरायला निघालेला एक निरुपद्रवी माणूस निवडतात, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर नीट स्थिर होऊ देत नाहीत, कुत्रा सोडतात, आणि माँटाग मेला असं जाहीर करतात. पाळत फसली, ते अपयश प्रचाराने झाकलं. तो माणूस आयता कसा सापडला? रोज एकटा चालतो, ही त्याची सवय यंत्रणेकडे आधीपासून नोंदलेली होती. पाळतीच्या जुन्या नोंदी वायाच जात नाहीत.

'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये कॅमेरे नाहीत, खबरे नाहीत. मग त्याला या यादीत का घेतात?
— वाचक, मडगाव

कारण हक्सलेच्या त्या जगात पाळतीचा खर्च बालवाडीतच उरकून घेतला आहे. झोपेत ऐकवलेली वाक्यं : दर रात्री १०० वेळा, आठवड्यातून तीन रात्री, चार वर्षं. १०० × ३ × ५२ × ४ म्हणजे ६२,४००. एवढ्या उजळणीनंतर एक सत्य तयार होतं, असं पुस्तकातलाच एक जण, बर्नार्ड, मनाशी म्हणतो.

त्याआधीचं फसलेलं प्रकरण आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. झोपेत मुलाला नाईल नदीची माहिती ऐकवली. सकाळी त्याने 'आफ्रिकेतली सर्वांत लांब नदी' हे वाक्य घडाघडा म्हटलं. 'मग आफ्रिकेतली सर्वांत लांब नदी कोणती?' असं विचारल्यावर तो रडायला लागला. पाठांतर झालं, ज्ञान झालं नाही. पाढे घोकणाऱ्या आपल्याला हे सांगायला नको. पुढे तिथे ठरलं, की झोपेत माहिती शिकवायची नाही, फक्त आवडनिवड शिकवायची.

आणि तरीही बर्नार्ड मित्राशी बोलता बोलता दचकतो, मित्र उठून दार उघडून बघतो. बाहेर कोणी नसतं. खबरे नसलेल्या राज्यातही दार उघडून बघावंसं वाटतं, हे हक्सलेचं बारीक निरीक्षण सहसा कोणी सांगत नाही.

न्यूस्पीकचं मराठी कसं करावं? अनुवादाच्या कार्यशाळेत आम्ही अडकलो.
— अनुवादक, पुणे

अडकायलाच हवं. पहिला पेच व्याकरणाचा. न्यूस्पीकमध्ये, म्हणजे 'नाइन्टीन एटी-फोर'मधल्या पक्षाने घडवलेल्या भाषेत, अनियमित रूपं जवळजवळ नसतात. सहायक क्रियापदं सोडली तर बाकी सगळी एकाच साच्यात. मराठीत तसं केलं तर कर-केला, जा-गेला, ये-आला या जोड्या जाऊन 'करला', 'जाला', 'येला' उरतील. हे तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं वाटतं. वाटू द्या. मोठ्या माणसांना बोबडं करणं हाच त्या भाषेचा हेतू आहे.

दुसरा, विरुद्धार्थी शब्दांचा. 'वाईट' काढून टाकायचा आणि 'अचांगलं' आणायचं. 'उत्कृष्ट', 'झकास', 'फक्कड' हे सगळे जाऊन 'अधिकचांगलं', 'दुअधिकचांगलं'. कानाला खटकलं पाहिजे. गोड संस्कृत शब्द घालून ते सुसह्य करू नका.

तिसरा, संक्षेपांचा. परिशिष्टात कॉमिन्टर्न, गेस्टापो यांसारख्या शब्दांचा उल्लेख आहे : लांब नाव आखडलं की त्यातला अर्थ विचार न करता तोंडातून जातो. मराठीत याची सामग्री वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आयती आहे. 'मनपा' म्हणताना नगराची आठवण कोणाला होते? 'झोपडपट्टी पुनर्वसन'चं 'झोपु' झालं तेव्हा त्यातली वस्तीही गेली आणि पुनर्वसनही. कोणाचा कट नव्हता; मथळ्यात जागा कमी होती. पण परिणाम तोच.

चौथं, आणि आमच्या मते सर्वांत उपयोगी : मराठीला न्यूस्पीक बाहेरून आणायची गरज नाही, कर्ता लपवणारी सरकारी वाक्यरचना घरचीच आहे. 'असे निदर्शनास आले आहे.' कोणाच्या? 'कार्यवाही करण्यात येत आहे.' कोण करतंय? 'सबब आपणास कळविण्यात येते की'. चिठ्ठ्यांचा अनुवाद या भाषेत करा, विन्स्टनचं कार्यालय लगेच ओळखीचं वाटेल.

आणि बिग ब्रदर? 'मोठा भाऊ' हा कोरडा तर्जुमा आहे. 'दादा' घ्या. थोरल्या भावालाही दादा म्हणतात, गल्लीतल्या दांडगेश्वरालाही दादाच. पोस्टरवरचं वाक्य 'दादांचं तुमच्याकडे लक्ष आहे' असं करता येईल. 'लक्ष असणं' यात माया आणि धमकी एकाच शब्दात बसते, आणि आदरार्थी बहुवचनामुळे वाक्य मखरात बसवल्यासारखं होतं. इंग्रजी वाक्याला ही सोय नाही.

मी भविष्यातल्या शहरावर दीर्घकथा लिहीत आहे. चौकाचौकांत चेहरा ओळखणारे कॅमेरे आहेत, त्यांच्यापासून काहीच लपत नाही. दोन संपादकांनी 'पटत नाही' म्हणून परत पाठवली. काय चुकतंय?
— नवोदित लेखक, नागपूर

'काहीच लपत नाही' हेच. सर्वज्ञ यंत्र असेल तर कथा दुसऱ्या पानावर संपते. तुमच्या यंत्राची मर्यादा आधी आकड्यांत मांडा.

धरा, शहर १० लाखांचं. त्यात १०० खरे बंडखोर. कॅमेरा ९९ टक्के बंडखोर बरोबर ओळखतो आणि निरपराधांपैकी फक्त १ टक्का लोकांवर चुकीचा संशय घेतो. ऐकायला उत्तम. आता बेरीज करा : पकडलेले खरे ९९, चुकून पकडलेले ९,९९९. म्हणजे कोठडीतल्या दर शंभरांत खरा बंडखोर जेमतेम एक. तुमचा नायक त्या ९९ मधला आहे. म्हणून कथा ओळखीची वाटते. त्याला ९,९९९ मधला करा. रोज चौकीत जाऊन 'तो मी नव्हे' सिद्ध करणारा माणूस, आणि त्याचं म्हणणं खरं आहे हे मनातून जाणणारा, तरी सोडू न शकणारा फौजदार.

मग साठवण. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवतो असं धरलं, तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट होतात. हजार कॅमेरे, तीस दिवस : ६४८ टेराबाइट. म्हणून चित्रण कधीतरी पुसावंच लागतं. किती दिवसांनी, ते ठरवा आणि कथेत एकदाच, सहज, कोणाच्या तरी तोंडी घाला. तिसाव्या दिवशी पुसलं जाणार असेल, तर एकोणतिसावा दिवस तुमच्या कथेला फुकट मिळाला.

यंत्रापेक्षा स्वस्त पाळत कोणती, तेही शोधा. ॲटवुडच्या 'द हँडमेड्स टेल'मध्ये (१९८५) दासी बाजारात जोडीनेच जातात. दोघींपैकी प्रत्येक जण दुसरीची पहारेकरी. खर्च शून्य. 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये पार्सन्सला त्याची सात वर्षांची मुलगी किल्लीच्या भोकातून ऐकून पकडून देते, आणि तो कोठडीत बसून तिचा अभिमान सांगतो. या प्रसंगाला तार लागत नाही, वीज लागत नाही. तुमच्या शहरात शेजारी कुठे आहेत? पाचव्या मजल्यावरच्या काकूंना सोसायटीत कोण किती वाजता येतं हे कॅमेऱ्याआधी माहीत असतं.

शेवटच्या प्रकरणातलं खलनायकाचं चार पानी भाषण काढून टाका. त्या जागी एखादा अर्ज ठेवा. रकाने, शिक्का, 'लागू नसेल ते खोडावे'. वाचकाला जास्त भीती वाटेल.

काचेच्या घरांची कादंबरी कोणती?
— वाचक, सोलापूर

रशियन लेखक झाम्यातिनची 'वी' ('आम्ही'), लेखन १९२०-२१. घरं काचेची; पडदे फक्त गुलाबी कुपन दाखवल्यावर, ठरलेल्या तासापुरते ओढता येतात. माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत : डी-५०३, आय-३३०. घास पन्नास वेळा चावायचा, हाही नियम. झाम्यातिन जहाजबांधणी अभियंता होता. ते पानोपानी जाणवतं. इंग्रजी अनुवाद १९२४ साली न्यूयॉर्कला निघाला, सोव्हिएत संघात पुस्तक छापून यायला १९८८ उजाडलं. ऑर्वेलने त्यावर जानेवारी १९४६ मध्ये लिहिलं होतं. आधी हीच वाचा. दीडेकशे-दोनशे पानांची आहे.

'नाइन्टीन एटी-फोर'च्या शेवटी न्यूस्पीकवरचं परिशिष्ट आहे. ते वाचलं नाही तर चालेल का? माझ्या एका प्रतीत ते नाहीच.
— वाचक, ठाणे

चालणार नाही. परिशिष्ट भूतकाळात लिहिलेलं आहे, आणि न्यूस्पीकमध्ये नाही, साध्या इंग्रजीत. न्यूस्पीक 'होती', तिचा पूर्ण अंमल २०५० पर्यंत व्हायचा 'होता', अशा थाटात. म्हणजे ते लिहिणारा माणूस पक्षाच्या राज्यानंतरचा आहे, असा अर्थ अनेक वाचक काढतात. हा निव्वळ अभ्यासलेखाचा सूर आहे, असं म्हणणारेही आहेत. आम्ही पहिल्या बाजूचे. ॲटवुडनेही आपल्या कादंबरीच्या शेवटी २१९५ सालच्या परिसंवादाचा वृत्तांत जोडला आहे, तो उगीच नव्हे.

१९४९ मध्ये अमेरिकेतल्या बुक ऑफ द मंथ क्लबने हे परिशिष्ट आणि मधला, पक्षाचा शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टाइनच्या पुस्तकाचा भाग गाळायला सांगितलं होतं. होकार दिला असता तर मोठी रक्कम मिळणार होती. क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या ऑर्वेलने नकार दिला. शेवटी क्लबनेच माघार घेतली आणि पुस्तक पूर्ण घेतलं. तेव्हा तुमची प्रत बदलून घ्या. नवी घेताना दुकानातच शेवटची दहा-बारा पानं उलटून बघा.